पट्टासर्प आणि डाळिंबाची साल

एका राज्यात अन्नाच्या राशी होत्या, पण राजकन्या कनकलेखा जेवूनही झिजत होती. चौघांचं जेवण ती एकटी जेवे आणि दर पौर्णिमेला तिच्या बांगड्या आणखी सैल होत. कारण ऐका. तिचा बाप राजा उग्रबाहू, त्यानं भर मेजवानीत एका भुकेल्या मांत्रिकाला दारातून हाकललं होतं. मांत्रिक जाताना म्हणाला, "तुझ्या घरी अन्न राहील, तृप्ती राहणार नाही." त्याच दिवशी राजकन्येच्या पोटात पट्टासर्प शिरला, फितीसारखा चपटा, पेराला पेर जोडलेला.

तुळसाक्का मुदपाकखान्याची मुख्य सैपाकीण. राजकन्या आईविना पोर, तिनंच वाढवलेली. महालाची रीत अशी, की जेवणारा 'पुरे' म्हणेपर्यंत वाढणारीनं हात आखडायचा नाही. पोर 'पुरे' म्हणेना, अक्का वाढत राही. बिचारीला काय ठाऊक, आपण पोसतोय कुणाला!

एके सकाळी खिडकीत धनेश पक्षी बसला आणि त्यानं तिला पोटातल्या सापाचं सांगितलं, उपायही सांगितला. दगडी वाघांच्या डोंगरावरून वावडिंग आणायचं, मग शापित धनावर उभ्या डाळिंबाच्या मुळाची साल. तिसरी गोष्ट त्यानंतर सांगेन, म्हणाला.

अक्का निघाली. वाघांनी तिच्या हाताचा हळदीचा वास घेतला आणि वाट दिली. तिनं वावडिंग ओटीत घेतलं. डाळिंबाखाली खणताना सोन्याचे हंडे वाजले. हात लावील त्याचा दगड होई. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही, साल तेवढी सोलून घेतली.

पक्षी म्हणाला, "आता एक दिवस पोरीला शीतही वाढू नकोस. साप भुकेनं ढिला पडला, तरच काढा लागू होईल."

अक्कानं त्या दिवशी ताट वाढलं नाही. दुपारी पोर कळवळली, "अक्का, एक घास." राजाला बघवेना, त्यानं ताट मांडायचा हुकूम सोडला. अक्का म्हणाली, "महाराज, हवी तर माझी मान उतरवा. आज मी वाढणार नाही." राजा दाराशी बसला. अक्का रडत होती, पण जागची हलली नाही.

दिवेलागणीला तिनं कडूजहर काढा पाजला. सकाळी साप पडला, चांगला नऊ हात. सारे हरखले. पक्षी म्हणाला, "आधी डोकं शोधा. ते आत राहिलं, तर साप पुन्हा वाढेल." अक्कानं तांदूळ निवडावेत तसं पेर न् पेर निवडलं. खसखशीएवढं डोकं सापडलं, ते तिनं चुलीत घातलं.

राजानं मांत्रिकाला बोलावून स्वतःच्या हातानं जेवू घातलं. मांत्रिक तृप्त झाला, शाप फिटला.

मग अक्कानं पोरीला पेज वाढली. अर्धी वाटी संपली. अक्कानं सवयीनं पुन्हा पळी भरली, तशी पोरीनं वाटीवर हात धरला.

"पुरे, अक्का."

तीन वर्षं हा शब्द ऐकायला तिचे कान आसुसले होते. पळी खाली ठेवून ती पोरीला कुशीत घेऊन रडली. जशा पोरीला भूक आणि तृप्ती दोन्ही मिळाल्या, तशा ऐकणाऱ्यांनाही मिळोत.