पहाऱ्यावर कोण होतं?

फार मागं एका रानात रीत होती: वडावरच्या वानरांनी पहारा करायचा, बिबट्या दिसला की ओरडायचं, आणि खाली हरणांनी निवांत चरायचं. पुढं वानरांत उजवी फांदी आणि डावी फांदी असे दोन तट पडले. एका सकाळी वानरं भांडतच बसली आणि बिबट्यानं हरणीच्या पाडसाचा पाय फाडला. पाडस कसंबसं वाचलं.

"त्यांच्यामुळं झालं," दोन्ही फांद्या म्हणाल्या.

हरणीला नवल वाटलं. "ते असू द्या बाबांनो. पहाऱ्यावर कोण होतं?"

सगळी आपापल्या शेपटीतल्या उवा बघू लागली.

दुपारी वानरांना तहान लागली, पण झाडीआडचा ओढा वडावरून दिसेना. "हरणीताई, ओढ्याकाठी बिबट्या आहे का गं?"

"बघून आलेय मी," हरणी चरता चरता म्हणाली. "आधी सकाळचं सांगा."

वानरं अजून वरच बसलीत, घसा कोरडा करत.