वानराची लांब शेपटी

एका डोंगराळ जंगलात, ओढ्याकाठच्या गोट्यांमध्ये एक टिटवी राहत असे. तिचे घर म्हणजे दगडांतला एक उथळ खळगा. उन्हाळ्यात त्यात ती चार अंडी घालायची. दगड तापू लागले की ओढ्यात पोट भिजवून यायची आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसायची. दिवसभर तिची हीच येरझार चाले. ओढा चार पावलांवर होता, म्हणून ते जमत होते.

मुलांनो, त्या जंगलाची एक सभा होती. ती डोंगरमाथ्यावरच्या वडाखाली, वाघासमोर भरत असे. दर पाच उन्हाळ्यांनी प्रत्येक पाणवठ्याने आपला एक प्रतिनिधी तिथे निवडून पाठवायचा. मत देण्याची रीत मोठी गमतीची होती. ठराव मान्य असेल त्याने शेपटी वर करायची, नसेल त्याने खाली ठेवायची. मोजायला घुबड बसे, आणि घुबडाला दिवसा किती दिसते ते तुम्हाला ठाऊकच आहे!

"आपल्या आखूड शेपट्या त्याला दिसणार कशा?" म्हातारा ससा म्हणाला. "आपण वानरदादालाच पाठवू. एवढी लांब शेपटी साऱ्या पंचक्रोशीत कोणाची नाही."

सगळ्यांना ते पटले. टिटवीलाही पटले, आणि पुढे तिला याचीच सर्वांत जास्त चीड आली. वानराने ओढ्याचे पाणी ओंजळीत घेऊन शपथ वाहिली, "या ओढ्याचा थेंबसुद्धा मी कोणाला नेऊ देणार नाही!"

सुरुवातीला वानर वडाच्या डाव्या फांदीवर बसे आणि वाघालाही चार शब्द सुनवायला भीत नसे. मग एके दिवशी वाघाने त्याला उजव्या फांदीवर बोलावले. तिथे गार सावली होती आणि शेजारच्या झाडाची पिकलेली उंबरे हाताशी होती. वानराने एकच उडी मारली. खाली येऊन त्याने सांगितले, "ओढ्याच्या भल्यासाठीच मी फांदी बदलली." लोकही असे भाबडे, की त्यांनी टाळ्या वाजवल्या! तेव्हापासून वानरदादाचे वानरसाहेब झाले. साहेब येणार म्हटले की ससे वाट झाडून ठेवत, साळिंदर काटे मिटून उभे राहत. साहेब चार बोरे वाटत आणि निघून जात. प्रश्न कोणी विचारत नसे, कारण साहेबांना घाई असे. याच बोरांवर ते दुसऱ्यांदाही निवडून आले.

दुसरी पाच वर्षे संपत आली, तेव्हा भर चैत्रात ओढा एकाएकी आटला. टिटवीच्या खळग्यात तेव्हा चार अंडी होती. ओढ्याच्या उगमाकडे पाहायला ती उडाली, तर वडाखाली सभा भरलेली. वाघाने डरकाळी फोडली आणि म्हणाला, "रानडुकरांनी बांध घालून ओढा माझ्या डुंबायच्या डोहाकडे वळवला आहे. मान्य आहे ना?" डरकाळी विरते न विरते तोच सर्वांत आधी एक शेपटी ताठ वर झाली. ती एवढी लांब होती, की घुबडालाही दिसली.

टिटवी त्या डोहातच पोट भिजवून परत फिरली. पण वाटेत उन्हाने पिसे वाळून गेली. तिने दुसरी खेप केली, तिसरी केली. दोन दिवसांत चारही अंडी गोट्यांसारखी तापली. पुढे कितीही दिवस गेले, तरी त्यांतून काही बाहेर आले नाही.

आणि त्याच आठवड्यात साहेब मते मागायला हजर! जमलेल्या सगळ्यांसमोर कोरड्या ओढ्यात उभे राहून त्यांनी डोळ्यांत पाणी आणले. "मी जीव तोडून विरोध केला हो! पण माझे ऐकतो कोण?"

"खोटे!" टिटवी ओरडली. "मी डोळ्यांनी पाहिले. पहिली शेपटी तुझीच वर झाली!"

सगळे चपापले. साहेबांना आजवर कोणी 'तू' म्हटले नव्हते. वानर गोड हसला. "टिटवीचे ओरडणे अपशकुनी, हे लहान पोरालाही माहीत आहे. हिच्या ओरडण्यानेच ओढा आटला असेल."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच! टिटवी वानराच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. "मी ओरडले म्हणून ओढा आटला नाही रे. ओढा आटला म्हणून मी ओरडते आहे. तो बघ माझा खळगा. ही चार अंडी उचल आणि मग घे शपथ!"

वानराने अंड्यांकडे पाहिलेही नाही. एक हात छातीवर ठेवून तो मोठ्याने म्हणाला, "या मातीची शपथ, वाघापुढे माझी शेपटी कधीही..."

तेवढ्यात वरच्या डोहात डुंबणाऱ्या वाघाने खुशीत येऊन एक डरकाळी फोडली. आणि मुलांनो, शपथ अर्धीच राहिली! वानराची शेपटी आपोआप सर्रकन वर गेली आणि काठीसारखी ताठ उभी राहिली. इतक्या वर्षांची सवय ती! त्याने दोन्ही हातांनी ओढून पाहिली, तिच्यावर बसून पाहिले. पण ती काही खाली येईना. शेवटच्या रांगेतल्या पिटुकल्या सशालाही ती स्वच्छ दिसली.

म्हातारा ससा जागचा उठला. त्याची मान खाली होती. "टिटवीताई, लांब शेपटीचा हट्ट माझा होता," एवढेच म्हणून तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला. मग साळिंदर आले, कासव आले. वानरामागे फक्त त्याची शेपटी उरली.

पुढच्या सभेत ओढ्याकाठची प्रतिनिधी म्हणून टिटवी गेली. तिथे डोहावरचा बांध आणखी उंच करण्याचा ठराव आला. डरकाळी झाली, शेपट्या वर गेल्या. घुबड डोळे किलकिले करून म्हणाले, "ओढ्याकाठचे मत काही दिसत नाही बुवा."

"दिसत नसेल, तर ऐका!" असे म्हणून टिटवी जी ओरडली, ती डोंगराच्या पायथ्यापर्यंत ऐकू गेली. खाली कोरड्या ओढ्यात ससे, साळिंदरे आणि कासवे मान वर करून उभी राहिली आणि बांधाच्या दिशेने चालू लागली.

तात्पर्य : ज्याला निवडून पाठवायचे त्याची शेपटी किती लांब आहे हे पाहू नये; ती कोणाच्या डरकाळीने वर होते, हे आधी पाहावे.