तिसऱ्या ओळीतला वारा

एका गावात एक निवृत्त प्राध्यापक राहत होते, आणि त्या गावात विजेवर चालणारी मोठी गाडी अजून कोणी पाहिलेली नव्हती. प्राध्यापकांचं नाव भास्करराव. जन्मभर त्यांनी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. ज्ञान भरपूर, पण स्वभाव काळजीचा. दाराला कुलूप लावलं की ओढून बघायचे, आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे, पुन्हा ओढायला. अशा माणसानं एके दिवशी जेवताना जाहीर केलं, "आपण विजेची गाडी घेऊ. तीन ओळींची. निघालं तर सगळं घर एकदम निघालं पाहिजे."

घरातल्यांचा घास हातातच राहिला. मग सगळे एकदम बोलू लागले.

पुढं भास्कररावांनाच शंकांनी घेरलं. वाटेत बॅटरी संपली तर? घाट चढेल का? या वयात हा थाट शोभतो का? पण गाडी दारात आली आणि सगळ्या शंका उन्हातल्या दवासारख्या उडाल्या. गाडी निळ्या रंगाची होती, मोराच्या मानेसारखी. पुढच्या बाजूला जाळी नाही, नुसतं गुळगुळीत कपाळ, आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्याची एक बारीक रेघ. जवळ गेलं की दारांच्या मुठी आपोआप बाहेर यायच्या. आतलं छत काचेचं. पुढं परातीएवढा, बोटानं चालणारा पडदा. आवाज म्हणाल तर नाहीच. गाडी अंगणात शिरली तेव्हा ओसरीवर झोपलेलं मांजरसुद्धा जागं झालं नाही.

भास्कररावांच्या पत्नीनं, शालिनीबाईंनी, चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. निम्मं गाव अंगणात जमलं. बॉनेट उघडलं तर आत इंजिनच नाही! सामान ठेवायचा रिकामा कप्पा.

"सर, इंजिन कंपनीतच विसरलं वाटतं," शेजारचे उत्तमराव भोईटे म्हणाले. "परत पाठवा, अजून वेळ गेलेली नाही."

सगळे हसले. भास्कररावही हसले. आज त्यांना काही म्हटलं तरी चाललं असतं. त्यांनी उत्तमरावांना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. सीटच्या बारीक भोकांतून गार वारा येऊ लागला.

"अरे वा! खालून वारा!" उत्तमराव उसळलेच. "आमच्या जीपमध्येही येतो. पण तो पत्रा गंजल्यामुळं."

उत्तमरावांच्या त्या जुन्या डिझेल जीपला गावात मोठा मान होता. दसऱ्याला मारुतीच्या देवळासमोर सगळ्यांची वाहनं रांगेत उभी करायची, आणि पहिला हार, पहिला नारळ रांगेतल्या पहिल्या वाहनाला, अशी गावाची रीत. पहिली जागा कायम जीपची. भास्करराव आजवर सायकल घेऊन शेवटी उभे राहायचे. आज मात्र त्यांना राहवलं नाही.

"उत्तमराव, यंदा पहिली जागा आमची."

"जागा देतो की! पण सर, मोबाइलची बॅटरी संपली तर तो खिशात घालता येतो. ही संपली तर कुठं घालणार?"

पुन्हा हशा पिकला. भास्कररावांचे कान तापले. "ऐका," ते म्हणाले. "आमची कुलदेवी डोंगरावर. नवी गाडी आधी तिच्या पायाशी न्यायची, मग इतर कुठं. वाटेत कुठंही चार्जिंग न करता वर जाऊन परत आलो, तर पहिली जागा आमची. थांबावं लागलं, तर जीप पुढं आणि मी मागं."

"ठरलं!" उत्तमराव म्हणाले, आणि अख्ख्या अंगणानं ते ऐकलं.

घरातल्या दोघी पोरी कधीच्या तयार होत्या, म्हणजे नात ओवी आणि भास्कररावांची थोरली बहीण आक्का. आक्काचं वय झालं होतं, पण प्रवास म्हटला की ती ओवीच्याही आधी चपला घालून उभी राहायची. देवीला निघायच्या दिवशी सकाळी भास्कररावांनी पुढच्या सीटांचं प्लास्टिक स्वतः काढलं. मधल्या ओळीचंही काढलं. तिसऱ्या ओळीशी आले आणि थबकले.

"मागचं राहू दे," ते म्हणाले. "नवं आहे, उगाच मळेल."

सून ऋजुता घरात सगळ्यांत सफाईनं गाडी चालवायची. ती स्टिअरिंगवर बसली. तिच्या शेजारी भास्करराव, कारण घरातला कर्ता पुढं बसतो. मधल्या ओळीत शालिनीबाई, मुलगा हेमंत आणि ओवी. राहिली आक्का. ती कुणी सांगायच्या आत मागं गेली आणि नैवेद्याची टोपली शेजारी घेऊन प्लास्टिकवर बसली. मागची जागा तिची सवयीचीच होती. लहानपणी बैलगाडीतही ती मागच्या फळीवर बसायची, धाकटा भाऊ घसरला तर धरता यावा म्हणून.

गाडी निघाली. निघाली म्हणजे काय, तरंगलीच! खड्डा आला कधी आणि गेला कधी, पोटातलं पाणी हललं नाही. काचेच्या छतावरून झाडांच्या फांद्या सरकत होत्या. ओवी मान वर करून ओरडत होती, "आजोबा, आभाळ पळतंय!"

"आता सगळे गप्प बसा," भास्करराव म्हणाले. "काय ऐकू येतंय?"

सगळे गप्प बसले. काहीही ऐकू येईना. मग अगदी मागून एक बारीक सूर आला. आक्का देवीची आरती गुणगुणत होती.

"बघा!" भास्कररावांनी मांडीवर थाप मारली. "तिसऱ्या ओळीतलं गुणगुणणं पहिल्या ओळीत ऐकू येतंय. उत्तमरावांच्या जीपमध्ये शेजारचा ओरडला तरी कळत नाही!"

घाट सुरू झाला. चढ उभा होता आणि ऊन कडक. गाडी सरसर चढत होती, पण पडद्यावरचा आकडाही सरसर उतरत होता. एवढ्या चार्जिंगवर अजून किती अंतर जाता येईल, ते तो आकडा सांगायचा. एका वळणावर एवढा, पुढच्या वळणावर त्याहून कमी. भास्कररावांचं आभाळाकडं लक्ष राहिलं नाही. त्यांना अंगण दिसू लागलं. हसणारं अंगण.

त्यांनी पडद्यावर चाचपून पाहिलं. गाडीचं वरून काढलेलं चित्र उघडलं. तिन्ही ओळींवर निळी झुळूक हलत होती. ज्या ओळीवर बोट ठेवू, तिथला गार वारा बंद. पहिली ओळ? ऋजुता गाडी चालवतेय, तिला गरम होऊन चालणार नाही. आणि आपलं काय, आपण तिच्या शेजारीच. मधली ओळ? ओवी लगेच आरडाओरडा करील. बोट खाली सरकलं. तिसऱ्या ओळीवर थांबलं.

आक्काला गार वारा तसाही सोसत नाही, त्यांनी स्वतःला सांगितलं. खरंच सोसत नाही का? एकदा म्हणाली होती बहुतेक. बोट टेकलं. तिसऱ्या ओळीवरची झुळूक विझली, आणि आकडा थोडा वर सरकला. भास्कररावांच्या जिवात जीव आला.

पुढची वळणं मजेत गेली. खाली दरीत गाव पाटावरच्या रांगोळीसारखं दिसत होतं. हेमंत ओवीला डोंगरांची नावं सांगत होता, त्यातली निम्मी चुकीची. दोघंही बोलायचे थांबले आणि गाडीत शांतता पसरली.

भास्कररावांनी कान टवकारले. काहीच ऐकू येईना. खरंच काहीच नाही.

आरतीही नाही.

दुसऱ्या कुठल्या गाडीत हे कळलं नसतं. इंजिनाच्या घरघरीत ते सहज बुडून गेलं असतं. या गाडीत लपायला जागाच नव्हती.

"ऋजुता, गाडी बाजूला घे. लगेच घे!"

"काय झालं, बाबा?"

ते उत्तर द्यायला थांबले नाहीत. उतरून मागं गेले, हेमंतला उतरवलं आणि त्याची सीट पुढं सारून आत वाकले. आतून उकाड्याचा लोट अंगावर आला. आक्का खिडकीला डोकं टेकून बसली होती. चेहरा पांढराफटक. लुगडं घामानं भिजून प्लास्टिकला चिकटलेलं. तिच्या मांडीवर नैवेद्याची टोपली होती, आणि ती पदरानं टोपलीला वारा घालत होती. देवीचे पेढे विरघळू नयेत म्हणून.

शालिनीबाईंनी तिला पाणी पाजलं, ओला रुमाल कपाळावर ठेवला. तिनं डोळे नीट उघडले.

"आक्का, हाक का नाही मारलीस?"

"बरी आहे रे मी. तुझी नवी गाडी, तू एवढा खूश. मध्येच काय कुरकुर करायची?"

"तुझ्याकडचा वारा मी बंद केला होता," भास्करराव म्हणाले. "बॅटरी पुरावी म्हणून. मीच केला."

आक्का त्यांच्याकडं बघत राहिली. तिच्या तोंडावर राग नव्हता, नवल होतं.

"होय? मागच्या ओळीलाही वारा असतो?" ती म्हणाली. "मला वाटलं, मागं नसतोच."

भास्कररावांना हे ऐकवेना. गाडी करणाऱ्यांनी तिसऱ्या ओळीच्या डोक्यावर वाऱ्याचे झरोके ठेवले होते. सीटला मागं रेलायची सोय होती, हाताशी दिवा होता, खिडकी मोठी होती. त्यांनी सात माणसांचा विचार केला होता. वजाबाकी आपण केली.

ऋजुतानं मागचा वारा चालू केला आणि हळूच म्हणाली, "बाबा, सगळीकडचा वारा चालू ठेवला, तर वर जाऊन परत येण्याएवढं चार्जिंग उरेल असं वाटत नाही. वर देवळाच्या भक्तनिवासात चार्जर आहे. तिथं थांबावं लागेल."

अंगण पुन्हा डोळ्यांसमोर आलं. उत्तमराव, हशा, दसऱ्याची रांग. भास्करराव क्षणभर घुटमळले. खोटं कशाला सांगा, चांगलेच घुटमळले. मग त्यांनी तिसऱ्या ओळीच्या सीटवरचं प्लास्टिक दोन्ही हातांनी धरलं आणि टर्रकन फाडलं.

"थांबू," ते म्हणाले. "आक्का, तू पुढं जाऊन बस. मी इथं बसतो."

"नको रे. आता कुठं इथं गार लागायला लागलंय!" आक्का म्हणाली. "तूच ये की शेजारी."

टोपली मानानं पुढच्या सीटवर गेली, आणि कर्ता मागं बसला. डोक्यावरून गार झुळूक आली. गाडी निघाली, आणि भास्कररावांना काहीतरी नवीनच दिसलं. पुढच्या सीटवरून त्यांना फक्त आकडा दिसत होता. इथून सगळं घर दिसत होतं. ऋजुताची वेणी, हेमंतचं विरळ होत चाललेलं डोकं, शालिनीबाईंचा गजरा, मागं वळून जीभ दाखवणारी ओवी. वर आभाळ, आणि मागच्या काचेतून फितीसारखा उलगडत जाणारा घाट.

"आक्का, ही तर गाडीतली सगळ्यांत छान जागा!"

"मी कधीपासून बसतेय इथं," आक्का म्हणाली. "मला नको सांगूस."

आणि ती पुन्हा आरती गुणगुणू लागली. या वेळी भास्कररावांनीही तिच्या सुरात सूर मिसळला, बेसूर का होईना.

भक्तनिवासात गाडी चार्जिंगला लावली. दर्शन झालं, पिठलं-भाकरीचं जेवण झालं, आक्काला चिंचेच्या सावलीत एक डुलकीही मिळाली. परतताना उतारावर गंमत झाली. ब्रेकवर पाय पडला की बॅटरी उलटी भरायला लागायची. आकडा वळणागणिक चढत होता. आक्काचा वारा बंद करून जेवढं वाचलं होतं, तेवढं उतारानं बघता बघता परत दिलं. ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त रूप बदलते, हा नियम भास्कररावांनी जन्मभर फळ्यावर शिकवला होता. नेमका भीतीच्या वेळी आठवला नाही.

अंगणात उत्तमराव वाटच बघत होते. "काय सर? थांबलात का कुठं?"

घरातल्या कुणी तोंड उघडलं नव्हतं. एक 'नाही' म्हटलं असतं तर पहिली जागा मिळाली असती.

"थांबलो," भास्करराव म्हणाले. "चांगले पोटभर जेवेपर्यंत थांबलो."

"म्हणजे हरलात!"

"हरलो. पण उत्तमराव, सगळेच्या सगळे पोचलो."

दसऱ्याला जीप पहिली उभी राहिली, निळी गाडी तिच्या मागं. नारळ फोडायला आक्काला बोलावलं. तिनं पुढच्या चाकाशी एक फोडला. मग दुसरा हातात घेऊन ती मागच्या चाकाकडं निघाली.

"आत्या, रीत पुढच्याच चाकाची आहे," हेमंत म्हणाला.

"असू दे," भास्करराव म्हणाले. "आमच्या गाडीची मागचीही आहे."

उत्तमरावांनी ते ऐकलं. त्यांनीही एक नारळ उचलला आणि आपल्या जीपच्या मागच्या बाजूला गेले. तिथं त्यांची म्हातारी आई गंजलेल्या पत्र्यावर पोतं टाकून बसली होती.

तात्पर्य: ज्याच्या हाती सगळ्यांची सोय असते, त्यानं अधूनमधून शेवटच्या जागी बसून पाहावं, कारण तिथला माणूस तक्रार करत नाही, आपल्या वाट्याला एवढंच आहे असं समजून गप्प राहतो.