राहिलेली आखणी

“...पण आण्णा, तुम्ही डोळे का मिटलेत?”

आत्माराम आण्णांनी ते मिटलेलेच ठेवले. चपला त्यांनी दालनाच्या दाराशीच काढून ठेवल्या होत्या. मुंबईच्या त्या चकचकीत फरशीवर ते अनवाणी उभे होते आणि समोर विश्रामने घडवलेली मातीची माणसं होती. पुरुषभर उंचीची, देखणी. एकाही चेहऱ्याला डोळे नव्हते.

विश्राम पेणला, आण्णांच्या गणपतीच्या कारखान्यात शिकला. आता तो मोठा कलावंत झाला होता. आशियातल्या नव्या कलावंतांच्या या प्रदर्शनात त्याचं काम अगदी मधल्या दालनात मांडलं होतं. त्यात आण्णा आपण होऊन आलेले, त्यामुळे विश्रामची स्वारी भलतीच खुशीत होती.

सगळं प्रदर्शन त्याने समजावून सांगत दाखवलं. आण्णांनी निम्मं ऐकलं, निम्मं सोडून दिलं. इंडोनेशियाच्या एका बाईंनी मासेमारीच्या जुन्या जाळ्यांचं छत बांधलं होतं. आण्णा त्याखाली सरळ मांडी घालून बसले आणि बराच वेळ उठेनात. कोरियाच्या एका कलावंताची तडकलेली मडकी त्यांनी वाकून वाकून पाहिली.

“भट्टी घाईने उघडली बिचाऱ्याने,” ते हळहळले.

“आण्णा, ती मुद्दाम तडकवलीत.”

“असं होय? मग झकास तडकलीत.”

आणि आता इथे येऊन, विश्रामच्या कामापुढे, हे डोळे मिटून उभे.

“आण्णा... लोक बघतायत.”

“बघू देत. त्यांना डोळे आहेत.”

“मग तुम्ही का नाही बघत?”

“आल्या आल्या बघितलं की. मग लक्षात आलं, या मंडळींना मी दिसत नाही. आपण एकट्यानेच टक लावून बघायचं, बरं नाही दिसत ते.”

विश्राम हसला. पण त्याला थोडं लागलंही.

“डोळे नाहीत हाच तर विषय आहे, आण्णा. बघणाऱ्याने स्वतःची नजर त्यात घालायची. यावर समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिलीत.”

“चांगलंच लिहिलं असेल.”

...

“माती सुरेख मळलीस,” आण्णा हळूच म्हणाले. “आणि कान तर माझ्याहून चांगले काढतोस.”

विश्रामचा ऊर भरून आला. एवढं ऐकायला तो किती वर्षं थांबला होता.

“आपल्याकडे मूर्ती वाळल्या,” आण्णा पुढे म्हणाले. “रंगही झाला. आखणी तेवढी राहिलीय.”

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. ते सगळ्यांत शेवटी होतं आणि आण्णांच्या कारखान्यात ते फक्त आण्णाच करत.

“या वर्षी तू कर.”

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून फडक्यात गुंडाळलेला बारीक ब्रश काढला आणि चाचपडत विश्रामच्या हातात दिला. विश्रामने तो धरला मात्र, हात थरथरायला लागला. त्याने दुसऱ्या हाताने मनगट दाबून धरलं. थरथर थांबेना.

“आण्णा... खरं सांगू?”

“सांग.”

“विषयबिषय मागाहून सुचला. तुम्ही मला पहिल्यांदा ब्रश दिलात ना, तेव्हाही असंच झालं. समोर एवढा गणपती... आणि माझ्या एका रेघेने तो बघायला लागणार. मला नाही झेपलं. म्हणून मी पेण सोडलं. तेव्हापासून कुणाचेच डोळे काढले नाहीत.”

हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगता सांगता त्याला रडू आलं, आणि एवढ्या लोकांत त्याने ते लपवलं नाही.

आण्णांनी डोळे उघडले. मायेने त्याच्याकडे पाहिलं. मग आपला उजवा हात त्याच्या हाताशेजारी धरला. सुरकुतलेला, शिरा वर आलेला म्हातारा हात. जराही हलत नव्हता.

“बघा!” विश्राम डोळे पुसत म्हणाला. “या वयातही तुमचा हात किती स्थिर आहे. आखणी तुम्हीच करायला हवी, आण्णा.”

...

“आखणीला माझाही हात दर वर्षी असाच थरथरायचा. गेल्या वर्षी एकाही मूर्तीपुढे थरथरला नाही रे,” आण्णा म्हणाले. “म्हणून तर तुला न्यायला आलो.”