मापाड्याचे गाठोडे

डोंगराच्या पायथ्याशी एक बाजाराचे गाव होते. तिथे हैबती नावाचा मापाडी राहत असे. धान्याची पोती तोलणे हे त्याचे काम. पण तराजू त्याला नावापुरताच लागे. पोते जरा उचलले, की तो वजन सांगून मोकळा होई, आणि ते कधी चुकत नसे. "हैबतीचा हात म्हणजेच तराजू," असे अख्खी पेठ म्हणे. हैबतीलाही ते ऐकायला आवडे. कुणाला आवडणार नाही?

गावामागच्या डोंगरावर एकाच्या वर एक अशी तीन तळी होती. दरवर्षी सुगी संपली, की बाजार चार दिवस बंद राही. तेव्हा हैबती बायकोला आणि दोन्ही पोरांना घेऊन तळ्यांवर मुक्कामाला जाई. पोरे लहान होती तेव्हा सगळी खालच्या तळ्यावरूनच परत येत. पुढे मजल मधल्या तळ्यापर्यंत गेली. वरचे तळे मात्र दर वेळी राहूनच जाई. "पोरं मोठी झाली की जाऊ," हैबती म्हणे.

आता मुलगी मैना एकोणीस वर्षांची होती आणि मुलगा गोंदा सोळाचा. मैनाचे लग्न फाल्गुनात ठरले होते. सासर लांबचे. पुढच्या वर्षी ती बरोबर नसणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते, पण कुणी बोलून दाखवत नव्हते. मैनाने एकच मागणे मागितले, "आबा, या खेपेला वरचं तळं दाखवा."

"दाखवतो," हैबतीने शब्द दिला.

निघायच्या सकाळी त्याने चार गाठोडी बांधली. तांदूळ, पीठ, पातेली, दोर, घोंगड्या, सगळे स्वतःच्या गाठोड्यात. बायकोच्या, चंद्रभागेच्या, गाठोड्यात तवा आणि मीठमिरची. पोरांच्या गाठोड्यांत चुरमुरे आणि एकेक पंचा.

"पोरांना एवढंच?" चंद्रभागेने विचारले.

"कोवळी आहेत अजून," हैबती म्हणाला. त्यातले एक कोवळे पोर तेव्हा चुलीपाशी बसून चौथी भाकरी खात होते.

वाट चढणीची होती. पोरे पुढे पळत आणि दगडावर बसून वाट पाहत. हैबती मागून घामाघूम होऊन येई. गोंदाने दोनदा हात पुढे केला, "आबा, द्या इकडं थोडं." पण हैबती "मी आहे ना," म्हणे आणि गाठ आणखी आवळी. त्याची माया खरी होती, त्यात काही खोट नव्हती. पण मायेने चढण कमी होत नाही.

मधल्या तळ्यापाशी पोचेपर्यंत दुपार झाली. हैबतीने गाठोडे खाली टेकले. त्याचे पाय लटपटत होते. "इथूनच माघारी फिरू," तो म्हणाला. "पोरं दमली."

पोरे चपटे दगड पाण्यावरून उडवत होती. मैनाचा हात तसाच थांबला. तिचे तोंड एवढेसे झाले. तिने एकदा वरच्या वाटेकडे पाहिले आणि वडिलांसमोर येऊन बसली.

"आबा, नुसतं डोळ्यांनी बघून पोत्याचं वजन सांगता का हो तुम्ही?"

"छे! उचलल्याशिवाय कधीच नाही."

"मग आम्हाला शेवटचं कधी उचललं होतंत?"

हैबती आठवू लागला. त्याला आठवेना. तो उठला, गोंदाच्या कमरेला विळखा घातला आणि सगळा जोर लावला. गोंदा चार बोटे वर आला, आणि बापलेक दोघेही गवतात आडवे झाले. चंद्रभागा पोट धरधरून हसली.

"अगं, भरल्या पोत्याला भारी आहे हा!" हैबती पडल्या पडल्या म्हणाला. त्याला हसू येत होते आणि वाईटही वाटत होते. साऱ्या बाजाराचे तोलले आणि घरचे तेवढे तोलायचे राहिले.

मग त्याने आपले गाठोडे सोडले आणि चौघांत वाटले. पातेली आणि पीठ मैनाने घेतले, घोंगड्या आणि दोर गोंदाने. थोडे चढून गेल्यावर गोंदा कुरकुरला, "आबा, जड होतंय."

हैबतीचा हात सवयीने पुढे गेला. तो त्याने मोठ्या कष्टाने मागे घेतला. दिवसभरात त्याला एवढे जड काहीच गेले नव्हते. "जड असतंच ते," तो म्हणाला. "खांदा बदल."

गोंदाने खांदा बदलला आणि चालू लागला.

ऊन असतानाच ते वरच्या तळ्यावर पोचले. पाणी इतके नितळ, की तळाचे गोटे मोजावेत. मैना कितीतरी वेळ पाण्यात पाय सोडून बसली. गोंदाने चूल मांडली. हैबतीला करायला काही कामच उरले नाही. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच ते तळे नीट पाहिले, आणि लेकीचे हसणेही. त्याचे मन भरून आले.

दोन दिवसांनी उतरायची वेळ झाली. या वेळी गाठोडी पोरांनी बांधली होती. हैबतीने आपले उचलले आणि हातात येताच त्याला कळले: आत एक पंचा आणि उरलेले चुरमुरे. त्याने पोरांकडे पाहिले. दोघेही उगाच दुसरीकडे बघत होती. "कोवळे आहेत अजून," चंद्रभागा हळूच म्हणाली.

हैबतीने गाठोडे खांद्यावर टाकले आणि मुकाट्याने वाट धरली. वजन ओळखूनही न सांगण्याची त्याची ती पहिलीच वेळ होती.

तात्पर्य: पोरांचे ओझे मायेपोटी आपणच वाहत राहिलो, तर त्यांचे बळ ना आपल्याला कळते, ना त्यांना. वेळेवर वाटून दिलेले ओझे हीसुद्धा मायाच असते.