सारंग नावाचे तीन दिवस

एका राज्यात सात वर्षे नदी वाहत नव्हती. मांत्रिक विकटाने तिच्या पाण्याची माणके करून गुहेत कोंडली होती. सारंग नावाच्या पाथरवटाने गुहा फोडली. माणकांचे पुन्हा पाणी झाले, आणि त्यात सारंग बुडाला. विकटाने शाप दिला, "हे नाव जो धारण करील, तो तीन दिवसांत मरेल." राज्यातल्या साऱ्या सारंगांनी त्याच दिवशी नावे बदलली.

सारंगाचा धाकटा भाऊ हंबीर. तेरावे उरकले आणि दुसऱ्याच दिवशी शेजारी बारसे निघाले. आत्या बाळाच्या कानाशी वाकली, तोच हा आत घुसला.

"सारंग ठेवा! पाणी त्याचंच पिता ना?"

"अरे मुडद्या, लेकरू जगू दे!" बायांनी घुगऱ्या फेकून मारीत त्याला हाकलले.

अंगणातली साळुंकी म्हणाली, "त्यांचं चुकलं नाही. ते नाव घेऊन कुणी तीन दिवस जगला, तर शाप तुटेल. पण शापानंतर घेतलेलं नाव परत टाकता येत नाही; टाकलं की मरण. विचार कर."

"केला," हंबीर म्हणाला. केला नव्हता. "आजपासून मी सारंग."

पहिल्या दिवशी नाग आला. "नाव?"

"सारंग."

नाग टाचेला डसला. पाथरवटाची टाच ती. नागाचेच दात पडले.

दुसऱ्या दिवशी वणवा आला. त्यानेही नाव विचारले. उत्तर देऊन हा दिवसभर गळ्याइतक्या पाण्यात बसून राहिला. नदी दादानेच सोडवलेली होती.

तिसऱ्या दिवशी दादाच आला. तोच चेहरा, हातात तीच छिन्नी.

"हंबीर, मी परत आलो. माझं नाव मला दे."

धाकट्याचे पाय दोन पावले पुढे गेलेच. मग तो थांबला.

"दादाला मी या हातांनी अग्नी दिला. दादा गेला. माझं नाव सारंग."

विकटाचे सोंग गळले, देहाची वाळू झाली, शाप तुटला.

घुगऱ्या फेकणाऱ्या आत्यानेच पहिल्यांदा बाळाचे नाव सारंग ठेवले. मग राजाने युवराजाचे ठेवले. नदी गेली तिथवर नाव गेले.

आईला मात्र धाकट्याला त्या नावाने हाक मारवेना. ती नुसते "अरे" म्हणून भागवी. सहा वर्षांनी एका दुपारी ती दारात आली आणि ओरडली, "सारंगा, जेवायला ये!"

आळीतून अकरा पोरे धावत आली. सगळ्यांच्या मागून धाकटा आला.

आईने बारा पाने मांडली.