वडिलांच्या नावाचा रकाना

तालुक्याच्या कार्यालयात विक्रांत दाभाडे नावाचे एक तरुण साहेब होते. घरकुलाचा ऑनलाइन फॉर्म त्यांनी आखला होता आणि त्याचे नियमही त्यांनीच घातले होते. त्याचा त्यांना मोठा तोरा होता.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी पासष्ट वर्षांच्या गोदूबाई आल्या. त्यांचे छप्पर कोसळले होते, आणि आज अर्ज गेला नाही तर घर मिळणार नव्हते. तान्हेपणी त्या आठवडी बाजारात सापडल्या होत्या. कार्यालयातल्या संगणकावर त्यांनी वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा ठेवला, तर पडद्यावर लाल अक्षरे उमटली आणि अर्ज अडला.

“साहेब, माझा बाप कोण ते मला ठाऊक नाही.”

“मग अर्ज जायचा नाही, बाई. फॉर्मात खोटं शिरू नये म्हणून मी नियम घातलेत.”

गोदूबाई प्रौढांच्या वर्गात अक्षरे शिकल्या होत्या. एका बोटाने त्यांनी रकान्यात सावकाश लिहिले, ‘विक्रांत दाभाडे’. लगेच हिरवी खूण आली.

साहेब उसळले. “हे काय लिहिलंत? मी तीस वर्षांचा आहे!”

“ते मला दिसतं, साहेब. तुमच्या फॉर्माला दिसत नाही. मी खरं सांगितलं तर त्यानं दार लावलं, खोटं लिहिलं तर आत घेतलं. असला राखणदार तुम्ही कशाला ठेवलात?”

साहेबांनी खाली बसून तो रकाना भरलाच पाहिजे हा नियम काढला आणि आपले नाव पुसले. गोदूबाईंनी रिकामा रकाना तसाच ठेवून बटण दाबले.

“गेला का?”

“गेला, आजी,” साहेब म्हणाले आणि उठून उभे राहिले.